सायकलस्वाराने तळी मोजू नयेत

पंचेचाळिशी उलटली की मराठी मध्यमवर्गीय पुरुषाला तीनपैकी एक काहीतरी होतंच : गुडघेदुखी, अध्यात्म किंवा सायकल. पहिल्या दोन्हींवर घरात औषध असतं. तिसरीवर नसतं. आधी हेल्मेट येतं, मग बुडाला गादी शिवलेली चड्डी येते, मग आपण रात्री किती झोपलो हे सकाळी आपल्यालाच सांगणारं घड्याळ येतं. सगळ्यात शेवटी सायकल येते आणि तिची किंमत बायकोला हप्त्याहप्त्याने सांगितली जाते.

ही मंडळी रविवारी पहाटे उठून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातात, जाळलेल्या उष्मांकांच्या दुप्पट भजी खातात आणि परत येतात. वर्षातून एकदा ‘मोहीम’ काढतात. मोहीम म्हणजे कोकण किंवा कन्याकुमारी. फारच जोर असला तर मनाली-लेह. पूर्वेकडे सहसा कुणी जात नाही. पुणेकर सायकलस्वाराच्या नकाशात महाराष्ट्र नागपूरला संत्र्यांपाशी संपतो. त्याच्या पलीकडे भंडारा आणि गोंदिया असे दोन जिल्हे आहेत, १९९९ पर्यंत ते मिळून एकच होते, आणि तिथे माणशी नसले तरी गावागणिक तलाव आहेत, ही बातमी मुळा-मुठेच्या काठापर्यंत अजून नीट पोचलेली नाही.

‘भंडाऱ्याला सायकलने फिरायला चाललोय’ असं सांगून बघा. एक जण म्हणतो, ‘देहूजवळचा डोंगर ना? अर्ध्या दिवसाचं काम आहे.’ दुसरा विचारतो, ‘कुठल्या देवळात? आणि जेवायला एवढ्या लांब सायकलने कशाला?’ घरातली ज्येष्ठ मंडळी भक्तिभावाने हात जोडून ‘माझ्यासाठी चिमूटभर आण हो’ म्हणतात.

तरी आम्ही तिघे निघालो. आमच्यात एक इंजिनिअर होते, ज्यांनी आयुष्यभर पूल बांधले, एक डॉक्टर होते, ज्यांनी आयुष्यभर इतरांचा भात बंद केला, आणि मी. जायला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि राज्याची हद्द न ओलांडता एका दिवसाहून अधिक काळ चालत गोंदियाला पोचते. तांबड्या रश्श्यात सुरू झालेला प्रवास तर्रीत संपतो. मधल्या काळात सहप्रवाशांची मुलं वयात येतात की काय असं वाटतं. सायकली पार्सलच्या डब्यात. पार्सलवाल्या कारकुनांनी पावतीवर ‘जुनी सायकल, नग १’ असं लिहिलं तेव्हा डॉक्टर उसळले. ‘जुनी? अहो, दोन महिने नाही झाले घेऊन!’ कारकून शांतपणे म्हणाले, ‘नवी असेल तर बिल दाखवा.’ डॉक्टरीणबाई निरोप द्यायला शेजारीच उभ्या होत्या. डॉक्टरांनी सायकल जुनी असल्याचं तात्काळ कबूल केलं.

भंडाऱ्याला जायचं तर ‘भंडारा रोड’ स्टेशनवर उतरायचं. ते वरठीला आहे; नावातला रोड तेवढा तिथून सुरू होतो. आम्ही दिवाळीनंतरचा हंगाम धरला होता. पाऊस संपलेला, धान कापून झालेलं किंवा होत आलेलं, तलाव भरलेले आणि परदेशी बदकं उतरू लागलेली. उन्हाळ्यात इकडे सायकल चालवण्याचा विचारही करू नये. त्या दिवसांत इथला पारा पंचेचाळिशी गाठतो आणि पंचेचाळिशीला माणसाचं काय होतं हे वर आलंच आहे.

नकाशात निळे ठिपके इतके की त्यांच्यामधून रस्ता हुडकावा लागतो. इंजिनिअरनी वही काढली आणि जाहीर केलं की वाटेतले सगळे तलाव मोजायचे. पहिला तलाव आला तेव्हा आम्ही तिघेही उतरलो. कमळं होती, पाण्यात उभा बगळा होता. फोटो झाले. दुसऱ्या तलावाशीही उतरलो. तिथेही कमळं आणि बगळा. दुपारपर्यंत उतरणं थांबून नुसतं बघणं राहिलं, आणि संध्याकाळी बघणंही थांबून वाद उरला. शेतातली छोटी बोडी तलावात धरायची की नाही? मधून रस्ता गेला असेल तर तलाव एक की दोन? शेवटी पाळीवर बसलेल्या एका आजोबांना विचारलं.

‘आजोबा, हा कोणता तलाव?’

‘हा तलाव हाय जी.’

‘हो, पण नाव काय याचं?’

‘तलावच म्हन्तो. दुसरा तिकडं हाय, तो तिकडचा.’

पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे जुने तलाव सहा हजारांच्या वर आहेत. हे कळल्यावर इंजिनिअरनी गणित मांडलं आणि उरलेली मोजणी नातवाकडे सोपवायचं ठरवून वही खिशात घातली.

मात्र या सहा हजारांतला जवळजवळ एकही तलाव निसर्गाने आयता दिलेला नाही, आणि इथे चेष्टा बाजूला ठेवून थोडं थांबायला हवं. या भागात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धानाला तो पुरायला हरकत नाही, पण तो पडतो चार महिन्यांत आणि लोंबीत दाणा भरायच्या नेमक्या वेळी पाठ फिरवतो. तेव्हा उताराला माती टाकून पाणी अडवायचं आणि शेवटच्या दोन पाळ्यांपुरतं राखून ठेवायचं, हा इथला जुना हिशेब. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी त्यासाठी धोरण आखलं : जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजेल ती जमीन. निविदा नाही, सल्लागार नाही, उद्घाटनाला पाहुणे नाहीत. तलाव फुटला तर सगळ्यात आधी बांधणाऱ्याचंच शेत वाहून जाणार, त्यामुळे गुणवत्ता तपासायला वेगळं खातंही लागत नव्हतं.

हे काम केलं ते मुख्यतः कोहळी समाजाने. गोंड राजा काशीयात्रेला गेला आणि तिकडून त्यांना घेऊन आला, असं त्यांची परंपरा सांगते. पाणी कुठून येतं, कुठे अडेल, जास्तीचं कुठून सांडेल, हे त्यांना जमिनीकडे नुसतं बघून कळत असे. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादा पाण्याला सांडवा, खाली पाट आणि पाटाखाली धानाच्या बांध्या. पुढे इंग्रजी अमलात गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार आले आणि तलाव त्यांचे झाले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव आटून ‘मामा तलाव’ एवढंच उरलं. मोठे मामा पाटबंधारे खात्याकडे गेले, लहान मामा जिल्हा परिषदेकडे. भाचे मात्र गाळ काढायला कुणी आले नाहीत.

सायकलसाठी पाळीइतका उत्तम रस्ता नाही. ती सपाट असते, तिच्यावर झाडं असतात, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला शेतं. इंजिनिअर दर पाळीवर सायकलवरून उतरत, उतार डोळ्यांनी मोजत आणि ‘लेव्हल कशी लावली असेल?’ असं स्वतःलाच विचारत. डॉक्टर दर पाळीवर स्वतःची नाडी बघत. मी त्या दोघांची वाट बघत असे.

इथल्या माणसांना सायकलचं काहीच अप्रूप नाही, कारण इथे सायकलवर जो दिसतो तो कामाला निघालेला असतो. मागच्या कॅरिअरवर मासळीचा डबा बांधलेले धिवर भल्या पहाटे भेटतात. धानाचं पोतं आडवं टाकून म्हातारे शेतकरी हलके हलके जातात. सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवर निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली शाळेला जातात. पुढची पॅडल मारते, मागची धडा पाठ करते. अशाच एका जोडीने डॉक्टरांना मागे टाकलं तेव्हा घड्याळात डॉक्टरांची नाडी दीडशेच्या वर होती. मागे बसलेली मुलगी मान वळवून त्यांच्याकडे काळजीने बघत होती. थोड्या वेळाने ती सायकल थांबलेली दिसली. ‘काका, पानी पायजे का?’ असं तिने विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या टप्प्यात कुणाशीही संभाषण केलं नाही.

चौकात थांबलो की चौकशी ठरलेली.

‘कोठून आले जी?’

‘पुण्याहून.’

‘सायकलनं?’

‘नाही, पुण्याहून रेल्वेनं. भंडाऱ्याहून सायकलनं.’

‘मंग भंडाऱ्याहून येस्टी नव्हती का?’

‘होती. पण आम्हाला सायकलनंच यायचं होतं.’

‘कोनत्या कामानं?’

‘असंच. फिरायला.’

इथे संभाषण अडतं. कुणी कामाशिवाय, पैसे खर्चून, आपलं घर सोडून, एवढ्या लांब घाम गाळायला येईल हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटण्यासारखं नाही. मग ऐकणारी माणसं आपल्या वतीने आपणच एक कारण शोधून देतात. इंजिनिअरच्या खिशातून वही डोकावत होती. त्यावरून आम्ही ‘सर्वेवाले’ ठरलो. लगेच खुर्च्या आल्या, लाल चहा आला आणि निवेदनं सुरू झाली. पाटात गवत माजलंय. तलावात बेशरमाची झाडं पसरली आहेत, ती उपटली तरी पुन्हा उगवतात; नावाला जागणारी दुसरी वनस्पती या जगात नाही. धानाचा बोनस जमा झाला नाही. सांडव्याचा दगड निसटलाय. इंजिनिअर हे सगळं खरोखरच वहीत उतरवून घेत होते, कारण कुणी त्यांच्याशी सांडव्यावर इतक्या गांभीर्याने बोलल्याला बरीच वर्षं झाली होती. पुढच्या गावी आमच्या आधी फोन पोचला होता. तिथे सरपंच फेटा बांधून उभे होते.

सायकलच्या किमतीचा प्रश्नही टळत नाही. त्याचं सूत्र ठरलेलं : खऱ्या किमतीतलं शेवटचं शून्य काढून सांगायचं. तरीसुद्धा एका पंक्चरवाल्याने माझ्या सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि हिशेब मांडला. ‘मडगार्ड नाही. कॅरिअर नाही. स्टँड नाही. घंटी नाही. सारं काढून घेतलं, मंग पैसे कायचे घेतले?’ या प्रश्नाचं उत्तर आजवर कुठल्याही जागतिक सायकल कंपनीने दिलेलं नाही.

पवनीला पोचलो की इतिहास रस्त्यात आडवा येतो. वैनगंगेच्या काठचं हे गाव एके काळी तटबंदी आणि खंदकाने वेढलेलं नगर होतं. जुन्या वेशीतून आजही रहदारी जाते. म्हणजे दोन बैलगाड्या, एक ट्रॅक्टर, तीन शेळ्या आणि पुण्याची सायकल एका वेळी जाऊ बघतात आणि प्रत्येकाला वाटतं की वेस आपल्यासाठीच बांधली आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं तेव्हा जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूर इथे प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. त्यांतला एक विस्ताराने सांचीच्या स्तूपाची बरोबरी करणारा आहे. सांचीला जगभरातून लोक येतात. पवनीला त्या दिवशी आम्ही तिघे आणि चरायला आलेली एक म्हैस होतो. म्हशीला जागेची माहिती जास्त होती. सावली कुठे आहे हे तिला आमच्या आधी कळलं.

पवनीला पुरातन वास्तूची चौकशी करणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. ‘स्तूप कुठे?’ असं विचारलं तर लोक प्रेमाने आणि अचूक रस्ता सांगतात, पण खुणेला दुसरा पुरातन अवशेष देतात. ‘सरळ जा, पडकं देऊळ लागंल, तिथून उजवीकडं पडकी भिंत, तिच्या बाजूनं पडका घाट.’ ज्या गावात पत्ते असे सांगितले जातात, त्या गावाला आपण ऐतिहासिक आहोत हे वेगळं सांगायची गरज वाटत नसावी.

पवनीपासून जवळच गोसीखुर्दचं धरण आहे. त्याचं भूमिपूजन १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. अंदाजे खर्च तेव्हा ३७२ कोटी रुपये धरला होता. तो आकडा नंतर हजारो कोटींत गेला आणि कालव्यांची कामं पुढच्या पिढ्यांच्या हवाली झाली. इंजिनिअर बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. ‘कोहळ्यांनी अंदाजपत्रक काय केलं असेल?’ डॉक्टरांनी विचारलं. इंजिनिअर म्हणाले, ‘त्यांनी आधी तलाव केला. अंदाजपत्रक करायचं राहूनच गेलं असणार.’

पुढे लाखांदूरवरून अर्जुनी मोरगावकडे गेलं की जंगल जवळ येतं आणि प्रतापगडाची पाटी दिसते. ती बघून पश्चिम महाराष्ट्रातला माणूस हबकतो. जावळीचं खोरं एवढ्या पूर्वेला कुणी आणलं? डॉक्टरांचा हात नकळत छातीवरच्या पिशवीकडे गेला. बहुधा आत वाघनखं आहेत का ते बघत असावेत. हा प्रतापगड वेगळा. इथे डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि दोन्हीकडे नवस बोलले जातात. एका भाविकाने त्यातली सोय उलगडून सांगितली : ‘इकडं नाही झालं तं तिकडं होते. डोंगर तं एकच चढा लागते.’ गुडघेदुखीवर याहून समजूतदार धर्मविचार मी ऐकलेला नाही.

डोंगराच्या परिसरात, गोठणगावजवळ, आणखी एक चकवा आहे. इथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. नाव नॉरग्येलिंग. धानाच्या बांध्या, मोहाची झाडं, शेणाने सारवलेली अंगणं असं सगळं यथास्थित चाललेलं असताना एकाएकी वाऱ्यावर रंगीत पताका फडफडायला लागतात, आणि गेरू रंगाच्या वस्त्रातले लामा मोटरसायकलवरून जाताना दिसतात. जगाच्या छपरावरून उतरलेल्या माणसांच्या वाट्याला महाराष्ट्रातला सगळ्यात तापणारा मुलूख यावा, ही नियतीची थट्टा म्हटली पाहिजे. पण त्यांनी तिची परतफेड केली आहे : हिवाळ्यात देशभरातल्या गावांत लोकरीचे स्वेटर विकणाऱ्या तिबेटी माणसांत या वसाहतीतलीही माणसं असतात. एका घरगुती हॉटेलात आम्ही थुक्पा मागितला. मालकीणबाईंनी इकडच्या झाडीपट्टीच्या हेलात विचारलं, ‘तिखट चालते का जी?’ कोल्हापूर-गोंदिया गाडीतून आलेल्या माणसांना हा प्रश्न विचारला गेला, त्यामुळे डॉक्टर ताठ बसून ‘चालतं!’ म्हणाले. नंतर ते बरंच पाणी प्यायले. इटियाडोह धरण जवळच होतं म्हणून भागलं.

आणि मग नवेगावबांध. इथे मात्र वह्या, घड्याळं, नाड्या सगळं बाजूला राहतं. डोंगरांच्या कुशीत पसरलेलं सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती जंगल, आणि हे सगळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या एका माणसाने बांधून घेतलेलं. डोंगरांमधली खिंड नेमकी हेरली आणि बांध घातला. १९७५ मध्ये इथलं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे होते. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचं पुस्तक या पाण्याकाठचंच. मराठी वाचकाला इथली पाखरं पुस्तकातून आधी ओळखीची झाली, प्रत्यक्षात नंतर. त्यामुळे कुठलंही बदक उडालं की डॉक्टर ‘हे आपण वाचलंय’ असं म्हणत. कुठलं, ते मात्र सांगत नसत.

कोलू पाटलांचा पुढे देव झाला. कोलासूर म्हणून त्यांची डोंगरावर पूजा होते. हे ऐकल्यावर इंजिनिअर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘त्याने बांध घातला, लोकांनी त्याला शेंदूर लावला. आम्ही पूल बांधला की लोक आधी चौकशी लावतात.’ डॉक्टरांनी त्यांचं सांत्वन केलं : ‘पूल तीनशे वर्षं टिकवा, मग शेंदराचं बघू.’ तो प्रश्न तिथेच मिटला, कारण इंजिनिअरच्या हयातीत तो सुटणार नव्हता.

व्याघ्र प्रकल्पाच्या आत सायकली नेता येत नाहीत हे एका अर्थी बरंच आहे. वाघ चालून आला तर गिअर बदलायला वेळ लागतो. बाहेरच्या रस्त्यावर फाटकाशी उभ्या असलेल्या वनरक्षकांना आम्ही सहज विचारलं, ‘इकडे संध्याकाळी सायकलने फिरलं तर भीती नाही ना?’ ते म्हणाले, ‘वाघाची काही नाही जी. अस्वल मात्र उगाच अंगावर येते.’ ‘उगाच’ या शब्दाने आमचा वेग त्या संध्याकाळी असा वाढला की घड्याळाने दोनदा अभिनंदन केलं.

दिवाळी ते होळी हा इकडे नाटकांचा हंगाम. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. तिथून नाटक कंपन्या गावोगाव जातात, मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते तिथे मांडव पडतो आणि रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्यात नाटक सव्वादोन तासांवर गेलं की लोक पार्किंगचा विचार करू लागतात; इथे मध्यरात्री दोनला खलनायकाची नुसती ओळख झालेली असते. दिवसभर सायकल हाकून आलेल्या माणसाने अशा नाटकाला बसणं हे शौर्य आहे. पहिल्या अंकात आम्ही रडलो, दुसऱ्यात हसलो आणि तिसऱ्यात घोरलो. शेजारच्या आजीबाईंनी कोपरखळी मारून डॉक्टरांना जागं केलं. ‘उठा जी, आता तिचा नवरा येते.’ डॉक्टर दचकून उठले आणि पायातले बूट शोधू लागले.

साकोलीकडे परतताना सानगडीला आणखी एक किल्ला लागतो. इंजिनिअर, डॉक्टर आणि मी, तिघांनीही इतिहासाच्या कर्तव्यभावनेने वर चढून पडक्या भिंती बघितल्या, बुरुजावर हात ठेवून फोटो काढले. किल्ले हे इतिहासातले पेन्शनर. काम संपलं, आता सत्कार, पाटी आणि आठवणी. त्यांच्याकडे बघायला म्हणून जाता येतं. बुरुजावरून खाली पसरलेला तलाव दिसतो त्याचं मात्र तसं नाही. त्याचीही शंभरी केव्हाच उलटली असेल, पण त्याला कुणी अजून निवृत्त केलेलं नाही. तो सकाळी धिवरांना मासळी देतो, दुपारी म्हशींना डुंबू देतो, बायकांचं धुणं सांभाळतो, शिंगाडे पिकवतो आणि हंगाम आला की धानाला पाणी पाजतो. त्याच्या काठाला ‘ऐतिहासिक स्थळ’ अशी पाटी नाही आणि तिकीट नाही, कारण ड्युटीवर असलेल्या माणसाचा सत्कार करायची आपल्याकडे रीत नाही. त्याची आठवण निघते ती तो फुटतो किंवा गाळाने भरतो तेव्हाच. अर्जुनी मोरगावचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ धिवरांना बरोबर घेऊन अशा तलावांतली बेशरमाची झाडं काढतं, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावतं आणि मासळीला राहायला जागा करून देतं. ते काम दिसायला किल्ल्यावरच्या फोटोइतकं रुबाबदार नाही. चिखलात कमरेपर्यंत उभं राहिलेल्या माणसाचा फोटो कुणी घरात लावत नाही.

गोंदियाच्या बाजूला सारसांचा मुलूख लागतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यात उंच पक्षी; महाराष्ट्रात तो आता जवळपास एवढ्याच कोपऱ्यात उरलाय. एका बांधीत एक जोडी आम्हाला दिसली. उभी राहिली की माणसाच्या खांद्याला लागेल अशी उंची आणि चालणं जमीनदाराचं. हे पक्षी आयुष्यभर एकाच जोडीदाराबरोबर राहतात असं मानतात. डॉक्टरांनी घरी फोन लावून ही माहिती बायकोला दिली. पलीकडून विचारणा झाली, ‘त्यातल्या नराने सायकल घेतली आहे का?’

अॅप म्हणालं की आम्ही पुष्कळ अंतर कापलं, पण चढाई जवळपास काहीच नाही. मित्रांच्या गटात हा विषय निघाला तर मान खाली घालावी लागेल, कारण तिथे माणसाची किंमत चढाईच्या मीटरवर ठरते. सपाट जमिनीवर, पाण्याच्या कडेने, थांबत थांबत, चहा पीत पीत जाणं याला तिथे सायकलिंग म्हणत नाहीत. ज्यांना चढ हवा त्यांनी खुशाल लेहला जावं. ज्यांना सायकलवरून माणसांशी बोलायचं असेल आणि तलाव कुणी बांधला हे विचारायचं असेल, त्यांनी इकडे यावं. येताना वही आणू नये, नाहीतर सरपंचांना पुन्हा फेटा बांधावा लागेल.

शेवटच्या मुक्कामी एका शेतकऱ्याच्या घरी जेवण होतं. तलावातली मासळी, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि नव्या धानाचा वाफाळता भात. डॉक्टरांचं भाताशी वैर जगजाहीर होतं, त्यांनी ताटावर हात धरला. यजमान म्हणाले, ‘घ्या जी, हा नवेगावच्या पान्याचा धान हाय.’ इंजिनिअर म्हणाले, ‘म्हणजे हे अठराव्या शतकातल्या बांधकामाचं काम अजून चालू आहे, डॉक्टर. याचं प्रत्यक्ष परीक्षण झालंच पाहिजे.’ डॉक्टरांनी थोडा विचार केला, हात काढला आणि परीक्षण केलं. मग एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नयेत, असं वैद्यकशास्त्र सांगतं म्हणून त्यांनी दुसरा नमुना घेतला. तिसरा घेताना मात्र त्यांनी कुठल्याच शास्त्राचा आधार दिला नाही.